साहेबांचं वजन

— केक नाही हो काका, कासव होतं यात. आता डबा रिकामाच आहे. कासव आत डॉक्टरांच्या टेबलावर, आणि सासूबाई त्याच्यापाशी. रक्त काढताना एकालाच थांबू देतात, म्हणून मी इथे. साहेब म्हणतो आम्ही त्याला. सासूबाईंनी एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं ना, तिथल्या साहेबांवरून ठेवलंय नाव — तेही म्हणे नोव्हेंबरात झोपायचे ते मार्चमध्ये उठायचे. कुठे झोपतं म्हणजे? फ्रिजमध्ये. असे बघू नका माझ्याकडे, तुम्ही कुत्रेवाले, तुम्हाला नसेल ठाऊक. तळघरात त्याचा स्वतःचा फ्रिज आहे, पाच अंशांवर. आत एक पेटी, पेटीत कागदाचे कपटे, कपट्यांत साहेब. रोज दार उघडून हवा द्यायची, रविवारी वजन करायचं, की झालं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी लोणी शोधायला म्हणून नेमकं तेच दार उघडलं! एन्नोने — माझ्या नवऱ्याने — सगळं सांगून ठेवलं होतं, शेजारचे कोण कोणाशी बोलत नाहीत ते पण, फक्त हे सोडून. आणि दुसऱ्या दिवशी गेला समुद्रावर. पवनचक्क्यांची कामं करतो, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. म्हणजे माझा संसार खरा चाललाय तो सासूबाईंशी आणि साहेबांशी. त्यातले साहेब जास्त बोलके.

हा तुमचा आखूड पायांचा किती वेळ डोकं झटकतोय — डावा कान ना? वास येतो का? येतच असेल. सांगा हां आत, विसरू नका. मला दिसतं हो असं, काय करू. कासेलला माझ्या माहेरी आम्ही चार बहिणी, त्यात मी धाकटी. बोलायची पाळी कधी आलीच नाही, मग बघत बसायची सवय लागली. तर सासूबाई चहा ओततात ना — तुमच्या इकडचा चहा तुम्हाला काय सांगायचा, खाली खडीसाखर, वरून कढत चहा, तो तडतड आवाज — त्या खाली मान घालून अशा ऐकत ऐकत ओततात, मला वाटायचं, काय भक्ती आहे! मग एकदा पाहिलं, कपाच्या आत त्यांचं बोट असतं. चहा बोटाला लागला की थांबायचं. भाजत नसेल? भाजत असणारच. पण बाई काही बोलायच्या नाहीत. सायकलवरून बेकरीत जातात अजून, समोरची माणसं पटापट बाजूला होतात, आणि या मान डोलावतात — त्यांना वाटतं, जुन्या टपालवालीचा मान ठेवतात लोक.

मग ती वही. वजनांची. दर रविवारी साहेबांना काट्यावर ठेवायचं, वाकून बघायचं, ठसठशीत आकडा लिहायचा. बाराशे चाळीस. बाराशे छत्तीस. बाराशे एकतीस. छान चाललंय, झोपेत थोडं उतरतंच. मी सहज मागचं पान उलटलं — गेल्या वर्षीचेही तेच आकडे. त्याच रविवारी तेच. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. नवराबायकोसुद्धा इतकं एकसारखं वागत नाहीत हो! पाठ आहेत त्यांना. काटा दिसतच नाही, आठवणीतून लिहितात. मग बोलले का नाही? काय बोलणार? तीन महिन्यांची सून, आल्या आल्या सासूचे डोळे तपासायला बसली, असं नाही व्हायचं? एन्नोला फोनवर सांगायचं, तर तिथे वारा इतका, की मी सांगितलं गुरुवारी आणि त्याला ऐकू गेलं रविवारी. नाही, हे कारण नाही. कारण दुसरंच आहे.

तुम्ही आमच्याच गावातले आहात का हो? त्यांना ओळखता? नाही ना. बरं. त्या सतरा तारखेला, जानेवारीच्या, त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःहून तळघरात नेलं. साहेबांना माझ्या हातात दिलं. आणि म्हणाल्या, ‘विब्के, तू बरी आहेस. उगाच बोलत नाहीस.’ एवढं लांब वाक्य! एन्नोच्या वाट्यालाही कधी आलं नसेल. मी अशी फुलले म्हणता — आणि त्याच मिनिटाला हाताला लागला खालचा कागद. ओला. आता झोपेत कासवानं पाणी सोडलं की त्याच दिवशी उठवायचं, हा पहिला धडा, वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलाय त्यांनी. अंगातलं पाणी गेलं की ते आतून सुकत जातं. त्यांनीही चाचपून पाहिलं. ‘ओलं लागतंय का गं? का गारच आहे?’ आणि मी म्हटलं — मीच म्हटलं — ‘गारच आहे, आई.’

तीन आठवडे झाले. तेव्हापासून रोज सकाळी, त्या उठायच्या आत, मी चोरून वजन करते. मैद्याच्या काट्यावर. अकराशे ऐंशी. अकराशे चाळीस. काल एक हजार नव्वद. आणि रविवारी त्यांच्या वहीत बाराशे बावीस, आणि शेजारी मी उभी, गुणी सुनेसारखी. आज सकाळी पायाला बोट लावलं तर पाय आत घेतलाच नाही. डोळे खोल गेलेले. तेव्हा कुठे तोंड उघडलं माझं, आणि काय बोलले? ‘नुसतं दाखवून आणू या.’ आता डॉक्टर विचारणार, कधीपासून? आई सांगतील, आजपासून. खोटं नाही ते, त्यांच्यापुरतं आजपासूनच. पण डॉक्टर त्यावरच औषध ठरवणार ना? आजचं असलं तर साधी अंघोळ नि थोडं पाणी, तीन आठवड्यांचं असलं तर मूत्रपिंडं — आणि मी दार ठोठावून सांगायचं तर आईंच्या देखत सांगावं लागेल, की मला माहीत होतं, आणि कागदाचंच नाही, तुमचंही माहीत होतं. काय करू हो? नाही, नका सांगू! तुम्ही सांगितलंत तर मला करावं लागेल.

— हो, मीच विब्के. काय? डॉक्टर विचारतायत, ओलं पहिल्यांदा कधी दिसलं? — आई काय म्हणाल्या? — नाही. सतरा जानेवारीला. रविवारी. मी पाहिलं होतं, मीच गार आहे म्हणाले. आणि आईंनी आणलेली ती वही खरी धरू नका, ते आकडे गेल्या वर्षीचे आहेत. खरे माझ्या फोनमध्ये आहेत, रोजचे, हे घ्या, डॉक्टरांना दाखवा. — लगेच सलाइन? लावा ना. वाचेल का? — बरं. संध्याकाळी कळेल. बरं.

आई. दारात उभ्या आहात, दिसताय मला. रागवा, खुशाल रागवा, पण पाऊल टाकू नका, पुढे पायरी आहे. हो, पायरी म्हटलं मी. एक. मी येते तिकडे. हात द्या. — नाही हो, रडत नाहीये मी, तुम्हाला काय — बरं, रडतेय.

काका, तुम्ही जरा तिकडे बघा ना.