गाळलेला रविवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे विभागप्रमुख डॉ. टोब्लर, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आमचा सेन्सर विकणाऱ्या कंपनीचे संचालक श्री. लांडोल्ट, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती प्राध्यापक आम्ब्रोस ग्रुंडर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी एल्झबेटताई, आणि बाहेर मांडलेल्या वाइनकडे मघापासून डोळा ठेवून असलेल्या माझ्या सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी फेरेना ओडरमाट. चिप बनून आली की ती तपासायची, हे माझं या प्रयोगशाळेतलं काम. सर आणि मी एकाच वर्षी इथे आलो, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायला माझ्याइतकं जुनं माणूस आता उरलेलं नाही. कार्यालयातल्या उर्सुलाने मला बजावलंय, "फ्रेनी, दहा मिनिटं बोल, लोकांना हसव, आणि ते दुसरं काही काढू नकोस." दहा मिनिटं मी पाळीन. आपण झ्युरिकची माणसं, वेळ मोडली तर आपल्याला जेवण जात नाही. हसवण्याचंही बघते.

सरांची पहिली, समोरचं बघून पडद्यावर दाखवणारी चिप जोडली तो दिवस सांगते. आम्ही सगळे पडद्यासमोर दाटीवाटीने उभे, आणि पडदा काळाकुट्ट. सरांचा चेहरा उतरला. चिपच्या मागून तारा तपासल्या, वीज तपासली, सगळं जागच्या जागी. कुणी हलेना. तेवढ्यात एल्झबेटताई गाजराचा केक घेऊन दारात आल्या आणि पडद्यावर त्यांची आकृती लख्ख उमटली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चिप उत्तम होती. आम्हीच चिंतेने पुतळे होऊन उभे होतो, आणि पुतळे त्या चिपला दिसत नाहीत. सर त्या दिवशी इतके हसले की केक कापायची सुरी त्यांच्या हातातून पडली.

नव्या विद्यार्थ्यांना सर हेच शिकवत आले. साधा कॅमेरा समोरची तीच भिंत पुन्हा पुन्हा काढत बसतो. माणसाचा डोळा असा वेडेपणा करत नाही, तो मेंदूला कळवतो ते प्रामुख्याने बदललेलं. आमच्या सेन्सरचा, म्हणजे त्या चिपचा, प्रत्येक ठिपका तसाच आहे. आपल्यावरचा उजेड बदलला तरच तो बोलणार, नाहीतर गप्प. म्हणून त्याला वीज थोडी लागते, तो चपळ असतो आणि कुणाचं छायाचित्र म्हणून काढत नाही. ही किमया सरांची, आणि ती खरी आहे. मी तीस वर्षं हाताने तपासलेली आहे. तिच्याबद्दल मी आज वाकडा शब्द बोलणार नाही.

छायाचित्र निघत नाही, म्हणूनच तर हा सेन्सर वृद्धाश्रमात बसवायचं ठरलं. कुणी पडलं की परिचारिकेला कळावं, आणि म्हाताऱ्यांची अब्रूही राहावी. कल्पना चांगलीच होती. आश्रम कोणता घ्यायचा हा प्रश्न आला तेव्हा मी माझ्या वडिलांचा सुचवला.

माझे वडील मेल्किओर ओडरमाट. जन्मभर याच शहरात ट्राम चालवली. जीभ तिखट. सेन्सर बसवायला मी स्वतः शिडीवर चढले होते, आणि ते खुर्चीत बसून खालून सूचना करत होते.

"फ्रेनी, ह्यात माझं चित्र येणार नाही ना? सकाळी कवळीशिवाय असतो मी."

"नाही येत, बाबा. ह्याला फक्त हालचाल दिसते."

"म्हणजे मी गप बसलो की मी नाहीच?"

"तुम्ही कधी गप बसलात?"

"बरं बाई. तुझ्यासाठी हलत राहीन. तुझ्या साहेबांना म्हणावं, म्हातारा इमानी आहे."

आणि ते खरंच सेन्सरला हात करायचे. पत्ते खेळायला जाताना, आल्यावर, झोपताना. मिलेना नावाची मुलगी त्यांची देखभाल करायची, ती हसायची. त्यावर ते म्हणायचे, "हसतेस काय, तो माझ्या मुलीचा माणूस आहे वर बसलेला."

आता गाळणीबद्दल सांगावं लागेल. सर, तुमच्या कपाळाला आठी पडली, मला दिसली. थोडं सहन करा, तुमची दोन भाषणं मी प्रत्येक नाताळात सहन केलेली आहेत.

आमचे ठिपके कधीकधी उगाच बोलतात. काही बदललेलं नसतं, तरी बरळतात. त्या बरळण्याने परिचारिकांना खोट्या हाका जाऊ लागल्या. दिवसभर घंटा वाजायची, लोक धावायचे, आणि आजोबा वर्तमानपत्र वाचत बसलेले. आश्रम वैतागला, श्री. लांडोल्टसाहेबही वैतागले. तेव्हा आमच्या दारिओने चिपमध्ये गाळणी घातली. तिचा नियम सोपा आहे. एखादा ठिपका एकटाच बोलला आणि त्याच्या शेजारचा कुणीच बोलला नाही, तर तो खोटं बोलतोय असं धरायचं आणि त्याला बाहेर काढायचं. दारिओ हुशार मुलगा आहे, गाळणी त्याने झकास बनवली. मग घंटा कमी व्हाव्यात म्हणून ती आणखी बारीक करायला लावली गेली, आणि नंतर आणखी बारीक.

सोमवारच्या बैठकीत मी विचारलं, "माणूस धाडकन न पडता हळूहळू घसरला तर? आणि मग पडून राहिला तर? त्याचे दोन-चार ठिपके येतील, आणि आपण तेही गाळू."

दारिओ म्हणाला, "फ्रेनी, म्हातारी माणसं धाडकनच पडतात."

सरांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "आणखी कुणाला असं वाटतं?"

कुणी बोललं नाही. पुढच्या सुट्ट्यांच्या तारखा ठरवायच्या होत्या. "मग पुढे जाऊ," सर म्हणाले, आणि सगळे पुढे गेले. शेजाऱ्याची साक्ष नसलेल्या एकट्या ठिपक्याचं काय होतं, ते आताच सांगितलं मी.

तो रविवार नोव्हेंबरातला होता. नाश्त्याला आमच्याकडे रविवारी वेणीसारखा गुंफलेला पाव असतो, तो खाऊन बाबा खोलीत आले आणि खुर्चीत बसले. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. धाडकन ते पडलेच नाहीत. टेबलक्लॉथ धरून हळूहळू खाली घसरले. घंटा वाजली नाही. मिलेना दुपारचं जेवण घेऊन आली तेव्हा ते जमिनीवर होते. डोळे उघडे होते, वाचा गेली होती. पूर्वी ती सकाळभरात एक-दोनदा डोकावून जायची. सेन्सर बसल्यावर तिला आणखी एक मजला दिला होता. पैसे वाचले, असं अहवालात लिहिलेलं आहे.

बाबा वसंतापर्यंत रुग्णालयात होते. मी गेले की उजवा हात छताकडे करायचे आणि बोटं हलवायचे. परिचारिका म्हणायच्या, पाणी हवंय. मी पाणी पाजायची. ते पाणी प्यायचे, आणि पुन्हा बोटं हलवायचे. डोळ्यांत राग असायचा. मला वाटायचं, आजाराने चिडचिडे झालेत.

ते गेल्यावर मी त्या रविवारचं रेकॉर्डिंग उघडलं. प्रयोग चालू होता म्हणून गाळण्याआधीचं सगळंही आम्ही साठवत होतो. गाळून झाल्यावर खोली रिकामी दिसते, अगदी स्वच्छ. न गाळलेलं लावलं, तेव्हा जमिनीजवळ ठिपके होते. विरळ, एकेकटे, थांबून थांबून. हात थकला की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हलल्याशिवाय आपण दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. सकाळभर माझा बाप आमच्या यंत्राला बोटांनी हाक मारत होता, आणि आमचं यंत्र ती हाक कचरा म्हणून टाकत होतं.

सर अंत्यविधीला आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून रडले. त्या रडण्यात खोट नव्हती, मी साक्ष देते. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

सरांच्या शेवटच्या शोधनिबंधाचा मसुदा मी महिन्यापूर्वी वाचला. त्यात लिहिलंय की वृद्धाश्रमात एकही पडणं सेन्सरच्या नजरेतून सुटलं नाही. मी सरांच्या खोलीत गेले. विचारलं, "आणि तो रविवार?"

"तो धरलेला नाही, फ्रेनी. खोली रिकामी असल्याच्या वेळा आपण वगळल्या आहेत."

"खोली रिकामी होती, असं कुणी सांगितलं?"

"सेन्सरने."

सर शांतपणे पुढे म्हणाले, "तुझं दुःख मला कळतं. पण गाळल्यानंतर नोंदच उरत नाही, तर ती चूक मी कशात मोजू?"

इतका विद्वान माणूस, आणि हे वाक्य त्यांना चुकीचं वाटलं नाही. मला त्यांचा संताप आला नाही, त्यांची लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती.

श्री. लांडोल्टसाहेब घड्याळ बघतायत. साहेब, माझी दोन मिनिटं बाकी आहेत. उद्यापासून सर तुमच्या कंपनीत मुख्य सल्लागार होणार, आणि या उन्हाळ्यात हाच सेन्सर, याच गाळणीसह, सगळ्या प्रांतातल्या वृद्धाश्रमांत बसणार. त्या आश्रमांना तुम्ही हाच निबंध दाखवणार. तिथेही मजले वाढवले जातील आणि माणसं कमी केली जातील. तिथेही कुणी हळूच घसरेल. माझ्या बापाचं आता काही वाचवायचं राहिलेलं नाही. त्या लोकांचं राहिलंय.

सर, निबंध अजून छापायला गेलेला नाही. तुम्ही निवृत्त होताय, तुमच्याकडे आज रात्रीपर्यंत सही करायचा अधिकार आहे. तो रविवार आत घ्या. एक सुटला, असं लिहा. तुमच्या तीस वर्षांच्या कामाला त्याने काही होणार नाही. दारिओ गाळणी सैल करील, घंटा पुन्हा वाजतील, लोक वैतागतील, धावतील. धावू देत.

सर मान खाली घालून बसलेत. एल्झबेटताई त्यांच्याकडे बघतायत. मी उत्तर मागत नाही, सत्काराच्या दिवशी ते बरं दिसत नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, उर्सुलाने मध्येच माइक बंद केला नाही, आणि तुम्ही कुणी उठून वाइनकडे गेला नाहीत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर ते पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. माझी चूक पोटात घालू नका. मोजा.