झटक्याची तार

मले नका सांगू कोनी साळ्याईचं कौतिक! म्हने डोकं हाये पोराले, पुसदच्या मोटार गॅरेजात लई शिकला... शिकला नं, मी कुठी नाही म्हनतो? पन तुमाले सांगतो, शिकला तो, आन झटका कोनाले? मले!

आता आयका. माहं वावर तांड्याच्या शेवटी, नाल्याकाठी, पलीकडं निस्तं जंगल. मागच्या साली भुईमूग असा भरला, असा भरला, का बायको चंदाबाई म्हने औंदा घरावर कौलं टाकू. आन आली नं भौ रानडुकरं! खातात ते खातात, वरून नांगरल्यावानी उकरून ठेवतात! डबे वाजवले, बुजगावनं उभं केलं, तर एक डुक्कर त्या बुजगावन्याच्या पायाशीच जेवून गेलं, जसा काई सोयरा आलता!

मंग आला आमचा हरिसिंग, चंदाबाईचा भाऊ. "दाजी, वावराभवती तार बांधू, तारेतून झटका सोडू. डुक्कर मरत नाही, पन एक डाव थोबाड लावलं का पुन्हा फिरकत नाही." आनली त्यानं मोटारीची बॅटरी, आन ते कॉइल, ज्याच्यानं मोटारीत ठिनगी पडते ते, आन एक खटका. खटका दाबून सोडला का तारेत झटका! वरून त्याले एक कान बसवला, रेडिओले असते तसा. इकडं पिळला का मुंगी चावल्यावानी, तिकडं पिळला का इच्चू! "दाजी, हात लावून पाहा." लावला. "कसा लागला?" म्हनलं, मुंगी. त्यानं पिळला कान. "आन आता?" आता काय आता! तोंडातला तंबाखू उडाला नं समोरच्या भितीवर! सारा तांडा हासून राह्यला, बायको पदर तोंडात धरून राह्यली, भावाचं कौतिक तिले... आन झटका कोनाले? मले!

बरं, येवढं करून सकायी पाह्यतो त बॅटरी थंडी! हरिसिंग म्हने, "खटका लई वेळ चिकटून राह्यते दाजी. करंट फुकट जाते, कॉइल तापते. टिचकी मारल्यावानी पाह्यजे, लागला का सुटला." मी म्हनलं, मार मंग टिचकी, कोनी धरलं तुले? तर लेकाची नजर कुठी? माह्या भितीवर! लंबकाचं घड्याळ, लग्नात भेटलेलं, साऱ्या तांड्यात एकच! नेलं काढून! आता लंबक हालला का खटक्याले निस्ता शिवते आन सुटते. टक... झटका. टक... झटका. कबूल करतो बुवा, पोळ्याले भरलेली बॅटरी दसरा आला तरी जित्ती! पन वाजले किती, हे पाह्याले मानसानं वावरात जावं काय?

डुकरं आली, थोबाड लावलं, कुईई करून पळाली. मी खूश! पन पळाली कुठी? शेजारच्या धरमसिंगच्या वावरात! आला तो तनतनत, "लालसिंग, तू आपली डुकरं माह्याकडं काहून हाकलून राह्यला?" आपली डुकरं! म्या काय पाळली हायेत डुकरं?

नायकानं बसवली बैठक. आमचे देवीलाल नायक, तांड्याचे पाटीलच समजा, हळू बोलतात पन बोलले का संपलं. "एकट्याचं कुंपन बरं नाही, लालसिंग. मशीन तांड्याची करू, साऱ्या वावराईले तार फिरवू." मी नाहीच म्हननार होतो, देवाशपथ! पन धरमसिंगची बायको सोनीबाई कोपऱ्यात डोळे पुसून राह्यली, म्हने, "भाऊ, लेकराईच्या तोंडचं गेलं जी." आता रडत्या बाईपुढं मानूस काय म्हनंन? हो म्हनलं. म्याच म्हनलं!

फिरवली तार. तर दूरच्या टोकाले झटकाच पोचेना! पुरा कान पिळला तरी तिकडं मुंगीच. हरिसिंग तारेसंगं हिंडला, हिंडला, आन माह्या नाल्याकाठी येऊन उभा. "दाजी, इथलं ओलं गवत तारेले लागते. सारा झटका तेच पिऊन टाकते." म्हनलं, कापतो गवत. कापलं. नाल्याचं गवत ते, वर मान करून पाह्यलं का पुन्हा वाढलेलं! शेवटी नायकापुढं हा काय म्हनते? "तेवढी एक पट्टी सोडली का बाकी तांडा वाचते." एक पट्टी! कोनाची? अरे, सख्खा साळा तू! आन नायक म्हनतात, "लालसिंगचं मन मोठं हाये." झालं! मन मोठं म्हनल्यावर तोंड उघडाची सोयच राह्यली नाही. तार गेली माह्या बांधावरून आतल्या अंगानं, सारा तांडा आत, मी आन जंगल बाहेर! झटका कोनाले? मले!

चंदाबाईले म्हनलं, बोल नं आता भावाले काई! ते म्हने, "बोलली मी. तो म्हनते दाजीईनं मिरची लावावी, डुक्कर मिरचीले तोंड लावत नाही." लावली मिरची. खरं सांगतो भौ, खोटं नाही बोलनार, एका झाडाले तोंड नाही लावलं डुकराईनं...

निस्ती लोळतात.