बोटभर कोरा काठ

हॅलो? हो, शोरूमच… श्यूलियेन बोलतेय. कोण, आ-ग्योक? अगं, बोल ना. … गिऱ्हाईक आहे समोर. शामेन शहरातल्या बाई आहेत, हॉटेलच्या लॉबीसाठी दगड बघतायत. चहा दिलाय त्यांना. बोल पटकन.

दादा? … सकाळीच बोलले ना छिंगशी. आमची लेक बसलीये बापाच्या उशाशी, तू कशाला जीव टांगणीला लावतेस? ऑक्सिजन आहे, पण पेज प्यायला म्हणाली. नर्सशी भांडलासुद्धा. … हो, भांडतोय म्हणजे ठीक आहे. … छातीत दगडाची धूळ गं, दुसरं काय. लादीचा नमुना कोरडाच कापायचा. पाणी सोडलं की रेष नीट दिसत नाही म्हणायचा. मी मास्क शिवून द्यायचे, हा गळ्यात लटकवायचा. …

बरं, मग? ओट्याचं काय?

कसला तडा? अगं, क्वार्ट्झ आहे तो, संगमरवर नाही. नुसता दिसायला तसा. दगडाचा चुरा आणि राळ दाबून भाजलेली लादी, तिला कुठला तडा. तुझ्या खानावळीत कालवं परतून परतून तेल उडालं असेल. पूस. … पुसलंस? मग लिंबू लाव, याला चालतं. … तरी नाही?

हं… हं… अगं ऐक ना, सावकाश सांग. तडा नाही, रेष आहे. करडी. आधीचीच… आणि ती पुढे गेलीये?

आ-ग्योक, तू झोपलीस का काल? … नाही गं, थट्टा नाही करत. पण रेष वरवर रंगवलेली नसते. आधी रंग आत ओततात, मग लादी भाजतात. भाजलेली रेष सरकेल कशी?

हो, दादाच्याच हातची. म्हणजे यंत्राच्या हातची. कारखान्यानं त्याच्या मनगटाला पट्टा बांधून त्याचा हात यंत्राला शिकवला, आठवतं ना? तेव्हापासून त्या नमुन्याची प्रत्येक लादी सारखीच. तुझ्या ओट्याला तीच रेष, कुठल्या बँकेत तीच, इथे शोरूममध्येही तीच. त्याचं बोट वाकडं, म्हणून शेवटी जराशी वळते. …

एक मिनिट हं… हो बाई, तोच पांढरा बघा. घरात ओट्यालाही नेतात, लॉबीलाही चालतो. डाग धरत नाही.

हं, बोल. … काठाला टेकत आलीये? मग सोपं आहे. ओटा बसवताना तू काठ कापून घेतलास ना? मोठी शेगडी मावेना म्हणून? मी कानीकपाळी ओरडले होते, त्या बाजूनं कापू नका. तुझा दादा रेष काठाच्या बोटभर आत थांबवतो. तेवढं कोरं ठेवायचंच असतं. … का म्हणजे? त्याच्या उस्तादांनी तसं शिकवलं. रेष काठाबाहेर गेली की काढणारा तिच्यामागून जातो म्हणे. आपण दोघी हसायचो त्याला, विसरलीस?

कापल्यावरही कोरा काठ उरला होता? … करंगळीएवढा? … आणि आज सकाळपर्यंत होता?

फोटो नको पाठवू. … नको म्हटलं ना. मला बघायचा नाहीये.

काय म्हणालात बाई? … हो, हाच नमुना. … छे, काठापर्यंत नाही जात ती. अलीकडेच थांबते. तुम्हाला लांबून तसं…

…

आहे गं, आहे. ऐकतेय. … काही नाही. बाईंना रेष आवडली. काठावरून खाली उतरल्यासारखी दिसते म्हणाल्या.

आ-ग्योक, ही लादी कुणी कापलेली नाहीये. कारखान्यातून आली तशी उभी आहे. रोज सकाळी मीच पुसते. आजही पुसली. आज होता गं कोरा काठ.

बाई, तुम्ही जरा पलीकडच्या लाद्या बघता का? … हो, त्या करड्या. बघा, बघा.

रडू नकोस. मलाही भीती वाटतेय, पण तू रडलीस तर मला काही सुचणार नाही. ऐक. तुझी शेवटी वळते का बघ. नीट बघ. … नाही? … इथेही नाही. सरळ गेलीये. इतक्या वर्षांत त्यानं सरळ रेष काढलेली मी पाहिली नाही. त्याला जमतच नव्हती.

थांब… दुसरा फोन येतोय.

छिंगचा आहे.

नाही, उचलते… उचलायलाच हवा. पण थांब. तुझी रेष पुरती बाहेर गेलीये का? … नखाएवढा उरलाय? नक्की? मग तिथे बोट ठेव. रेषेच्या पुढे, काठावर. … वेडेपणा तर वेडेपणा. मीही ठेवते इथे. … गार लागतंय? इथेही. बर्फासारखं.

वाजतोय अजून… हो बाळा, उचलते गं, उचलते…

आ-ग्योक, ठेवलंस ना बोट? … दाबून धर. मी सांगेपर्यंत काढू नकोस. … उचलते हं.