गुंगीच्या औषधाचा आळ

मंडळी, सगळे आलात, बरं वाटलं. बोलायला उभी राहिलेय खरी, पण अशी चारचौघांत बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

सरूअक्का माझी थोरली बहीण. शशीच्या वेळी ती अडली होती. कळा सोसवेनात, तेव्हा कॅन्टोन्मेंटातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला गुंगीचं औषध दिलं. शशी झाली, चांगली गुटगुटीत. पण शशी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. आणि घरात एकच वाक्य सुरू झालं: कळा सोसल्या नाहीत, म्हणून पोर अशी झाली.

तुम्हीही म्हटलंत. ह्याच हॉलात, हळदीकुंकवाला, अक्काच्या देखत. "स्वल्प सोसायचं होतं गं." हसत हसत म्हटलंत.

मी तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "याला ऑटिझम म्हणतात. कशामुळे होतो, मलाही ठाऊक नाही. पण त्या औषधानं झाला, असं मी म्हणणार नाही." बाहेर आल्यावर अक्कानं विचारलं, "डॉक्टरांना ठाऊक नाही, मग माईंना कसं गं ठाऊक?" माई म्हणजे तिच्या सासूबाई.

यंदा पुन्हा दिवस गेले, तेव्हा तिनं दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. या वेळी सगळं सोसते, म्हणाली. घरीच राहिली. बाळ गेलं. मग अक्काही गेली.

तेराव्याला माईंच्या जाऊबाई आल्या, म्हैसूरच्या काकू. शशी भिंतीशी बसून द्रोणांची ओळ लावत होती, गुणगुणत होती. काकू म्हणाल्या, "अगोबाई, ही तर आपल्या बाळअण्णा भावजींसारखी. तेही जन्मात बोलले नाहीत. अशाच ओळी लावायचे." मी विचारलं, त्यांचा जन्म कुठल्या दवाखान्यातला?

"दवाखाना कुठला तेव्हा? घरीच झाले, सुईणीच्या हातून."

माई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, त्यांच्या मागोमाग आत गेले.

भाऊजी, बाळअण्णा तुमचे सख्खे काका. त्यांच्या आईला कुणी दिलं होतं औषध? तुम्हाला ठाऊक होतं. माईंना ठाऊक होतं. अक्काला एवढं एक सांगायला हवं होतंत. तिचा तुमच्यावर विश्वास होता, माझाही होता. फसवलंत तुम्ही आम्हाला.

शोकसभेची रीत आहे, म्हणून आता दोन मिनिटं उभे राहू या. शशी इथे पुढेच बसलीय. ती गुणगुणेल. तिला कुणी दटावू नका. गप्प राहायचं काम तिच्या घरानं पुष्कळ केलंय.