डबी उघड, गोकुळ

— ठण्ण असा वाजायचा बघ, माझ्या बापाचा पितळी लोटा. साक्रीकडचं आमचं गाव, मी एवढासा होतो तेव्हाचं सांगतो. परसाकडून आला की उंबऱ्याजवळच्या दगडावर लोटा ठेवायचा — ठण्ण. जरा वेळानं पुन्हा जायचा, पुन्हा ठण्ण. आई ओवा द्यायची, शेजारीण ताक दे म्हणायची, सगळ्यांचं एकच, उष्णता झाली. रक्त पडायचं ते त्यानं कुणाला सांगितलंच नाही. सांगणार कसं? ज्या कामासाठी माणूस झाडाआड जातो, ते चारचौघांत कसं बोलायचं? एक दिवस लोटा वाजायचा थांबला. — तर तू विचारलंस ना आत्ता, कारभारीबाबा, तुम्हाला माझ्या संडासाचं काय पडलंय? तर हे पडलंय.

बस रे. गलोंड्याहून ड्युटी करून आलास, दोन मिनिटं टेक इथं ओट्यावर. आणि जयावर रागावू नकोस. डबी तिनंच आणून दिली मला. म्हणाली, बाबा, पोटाच्या तपासणीच्या शिबिरातून आणल्यापासून देवघरात ठेवून दिलीय यांनी, आणि संडासातून येतात ते तोंड पाडून, विचारलं तर अंगावर येतात. देवघरात! अरे, देवालाही कोडं पडलं असेल, याचं करायचं काय? हसलास? नाही? बरं, नको हसूस.

अवघड काय आहे त्यात? कावेरी सिस्टरनं सगळ्यांपुढं दाखवलं होतं की. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण कान तिकडंच होते. आपला चाळीचा संडास, तिथं कमोड कुठला? मग खाली जुना पेपर अंथरायचा. गुजराती चालतो, मराठी चालतो, त्या कामाला भाषा नसते. झाकणाला काडी आहे, ती दोन-चार ठिकाणी टोचायची, डबीत परत घालायची, झाकण घट्ट, वर नाव आणि तारीख, की दे सिस्टरकडे. दात घासायला याहून जास्त वेळ लागतो! — आणि तू तर धाग्याच्या कंपनीतला माणूस. तिथं काय करता? बॉबिनचा जरासा धागा काढून मोजा विणता, रंगात बुडवता. मोज्यावर पट्टा उठला की ते बॉबिन बाजूला. वरून बघावं तर सगळी बॉबिनं सारखीच पांढरीशुभ्र. तूच ओरडतोस ना पोरांवर, मोजा बघितल्याशिवाय माल हलवू नका म्हणून? मग हा पोटातला माल कुणी बघायचा?

फक्त एक कर — स्वतःचंच दे. समाधानच्या खोलीसारखा घोळ नको. तुला माहीत नाही? अरे, सगळी डोकमर्डी वस्ती हसतेय! मागच्या चाळीत ते चौघं राहतात ना, सगळे पन्नाशीला टेकलेले, चौघांनाही डब्या मिळाल्या. आणि चौघांनाही बोलावणं आलं. रक्ताचा अंश सापडला म्हणे, चौघांच्याही. सिस्टर चक्रावली. एका खोलीत चौघांना? पाणी कुठलं पिता, डाळ कुठली खाता, सगळं विचारून झालं. त्यांच्यातला भास्कर तर गावी फोन लावून बायकोला सांगायला लागला, पोरांना सांभाळ, म्हैस विकू नकोस. तेव्हा कुठं समाधान मान खाली घालून म्हणतो, सिस्टर, चारही माझेच. बाकीचे लाजत होते, मी म्हटलं मी देतो. — कंपनीत एकानं चौघांची हजेरी लावायची सवय, तीच इथं! तिघं असे उड्या मारायला लागले म्हणून सांगू, आणि मग एकदम थांबले. समाधानकडे बघत राहिले.

त्याच्या आतड्यात बोटाच्या पेराएवढी वाढ निघाली. मागून कॅमेऱ्याची नळी घालून बघता बघताच काढून टाकली. कॅन्सर नव्हता, पण ठेवली असती तर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता बघ त्याला — पोरं सुट्टीत आली होती तर त्यांना वासोण्याच्या सफारीत सिंह दाखवून आणलं, स्वतःच जास्त ओरडत होता म्हणे.

आणि रक्त सापडलं म्हणजे तेच असतं असंही नाही. मूळव्याधीनंही सापडतं. सिस्टर मला तेच म्हणाली, बाबा, घाबरू नका, पण कॅमेऱ्यानं बघूनच घेऊ — काय? नाही, म्हणजे सगळ्यांनाच म्हणते ती. असा बघू नकोस रे. … हो. सापडलं. माझ्याही डबीत. होळीच्या आधीची गोष्ट. तारीख दिली होती तिनं, त्या दिवशी पाहुणे आले. मग दुसरी दिली, तेव्हा पाय दुखत होता — दुखत होता खरंच, हसू नकोस. आदल्या दिवशी उपाशी ठेवतात, जुलाबाचं पाणी पाजतात, या वयात कशाला ते? आणि आमच्या हिला, बायडाला कळलं तर ती झोपायची नाही. तिला वाटतं माझं सगळं चांगलं आलं. मीच सांगितलं तसं. तिनं मारुतीला नारळ फोडला रे, प्रसाद तुमच्याकडेही आला होता. आता कुठल्या तोंडानं सांगू? जाऊ दे, माझी गोष्ट वेगळी. माझं काय, मी पिकलं पान. तू अजून कमावता आहेस, तू तुझं बघ.

घे ही डबी. खिशात घाल. हां, शहाणा माझा. सकाळी उठलास की पहिलं काम — अरे, निघालास? जेवून घे, जया वाट बघत असेल. — तिकडं कुठं? तुझी खोली त्या टोकाला. गोकुळ, बायडा आत भाकऱ्या थापतेय, तिला आत्ता नको — मी सांगतो ना, मीच सांगतो, रविवारी. थांब की जरा. गोकुळ. चपला काढू नकोस रे —