नळीखालचा मुकुट

माझं माहेर लोधीखेड्याचं, बाप शेतकरी, घरात बंदूक कोणी पायली नव्हती, अन् लगन होऊन सौंसरले आली तं सासरी दुकानच बंदूक दुरुस्तीचं, आमचे हे मिस्त्री, भिंतीले दुनाळ्या टांगलेल्या, काय सांगू तुमाले, मी सुरुवातीले लांबूनच जायची. मंग ऐंशी सालाच्या पुढं कवातरी ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, डॉक्टर म्हणे पिकू द्या, मंग काढू, तवर ह्यांच्या हाताले सारं समजे पण नळीवरचं बारीक लिवलेलं दिसे नाई. मले तं इंग्रजी येत नाई. हे म्हणाले, वाचू नको वो, जसं दिसते तसं माझ्या तळहातावर बोटानं काढ.

अन् एक दिवस मोहगावचे एक गिऱ्हाईक भाऊ आले, संत्र्याचे बगीचेवाले. डुकरं झाडाच्या मुळ्या उकरून राहिले होते, म्हणून बापाची इलायती दुनाळी बाहेर काढली, नवीन काडतुसं आणली, एक-दोन चालवलीबी, तवापासून बंदूक हलून राहिली म्हणे, घट्ट करून द्या, आजच पाहिजे जी.

ह्यांनी नळ्या सोडवल्या, उलट्या करून माझ्या मांडीवर ठेवल्या. तो भाग एरवी आत झाकलेला रायते. मी घासलेटाच्या फडक्यानं पुसलं, अन् माय, ज्वारीच्या दाण्याएवढा मुकुट निघाला, राजाचा असते ना, तसाच. त्याच्या खाली अक्षरं, मंग एक आकडा. मी ह्यांच्या हातावर काढला, दोन, बाजूले लहानसा एक, त्याच्याखाली पुन्हा दोन.

अडीच, हे म्हणाले. भाऊ, काडतुसाचं घर अडीच इंचाचं हाय, तुमचं हे आजकालचं नवं काडतूस पावणेतीनचं रायते, हे चालवू नका.

भाऊ भडकले. काडतूस नळीत टाकून दाखवलं, पायना, आरामात जाऊन राहिलं, काहून नाई चालत? ह्यांनी मले दुकानातलं त्याच जातीचं, चालवलेलं रिकामं काडतूस आणाले लावलं, त्यांच्या नव्याच्या बाजूले उभं केलं. रिकामंच उंच! मी तं पायतच रायली. हे म्हणाले, जाते तवा तोंड मुडपलेलं असते भाऊ, सुटलं का तोंड उघडते, त्याले जागा लागते, जागा नाई भेटली तं सारा जोर मागं, तुमच्या गालापाशी.

भाऊंचा हात आपोआप गालावर गेला. खाली बसले, पाणी मागितलं.

मंग नागपुरातून बुटकी काडतुसं मागवली, तवर बंदूक घट्ट कराले आमच्याकडंच ठेवली, अन् भाऊंनी डुकरं हाकलाले बगीच्यात डबे वाजवले. त्या दिवशी ते गेल्यावर मी इचारलं, तो मुकुट कोणं ठोकला वो? हे म्हणाले, तिकडं इलायतेत एक माणूस रायते, तो नव्या नळीत जास्तीची दारू भरून चालवते, नळी टिकली तरच मुकुट अन् त्याच्या खालचा आकडा ठोकते. मी त्या मुकुटावर बोट ठेवून बसून रायली. तो माणूस मोहगाव जाणत नाई, त्या भाऊले जाणत नाई, कवाचा मरून गेला असन, अन् इतक्या वर्सांनी त्याच्या एका ठोक्यानं इथं माणूस वाचला.

आता हे नाईत. दुकान गेलं, मी पांढुर्ण्याले लेकीजवळ रायतो, बरं चाललं हाय. जामसावळीले गेली का मारुतीपुढं घरच्यांची नावं घेतो, अन् त्या इलायतवाल्याचं नाव मालूम नाई, तं म्हणतो, देवा, तो बी आपलाच समज.