एकच बटण

डेन्व्हरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती. काउंटरवर त्यांचं गांजाची वाफ ओढायचं यंत्र उघडून ठेवलेलं होतं.

“बॅटरी फुगलीय,” दुकानदार म्हणाला. “काय केलंत हिचं?”

“सांगा ना बाबा, यंत्र कुठे ठेवलं होतंत!”

“फ्रीजरमध्ये. गारव्याने बॅटरीत जीव येतो.”

“आणि तसंच गारठलेलं चार्जिंगला लावलं! पेटलं असतं म्हणजे?”

“आमच्या टॉर्चच्या सेलांना यायचा जीव, मार्लीन.”

“हे टॉर्च आहे का? अहो, हसताय काय, यांना नवीन यंत्र दाखवा.”

“हे घ्या आजोबा. फोनवरून चालू होतं.”

“म्हणजे कंबर ठणकायला लागली की आधी चष्मा शोधा, मग फोन, मग पासवर्ड. नको. माझ्या यंत्राला एकच बटण आहे, अंधारातही सापडतं.”

“मग मला हाक मारायची, बाबा! शेजारच्याच खोलीत तर असते मी.”

“मारली होती की. हल्ली तू कानात बोळे घालून झोपतेस.”

दुकानदार उगाचच स्क्रू गोळा करू लागला.

“याच यंत्रात नवी बॅटरी बसवा,” मुलगी म्हणाली. “होईपर्यंत आम्ही थांबतो.”